सुरयांच्या बेटावर माझी पावलं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. मी नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. मूळचे आम्ही लातूरकडचे — भूकंपात घराची भिंत माझ्या डाव्या पायावर पडली, तेव्हापासून तो पाय फरफटतो. भूकंपानंतर ज्याला त्याला आदल्या दिवशी काहीतरी दिसलं होतं... कुणाला रडणारं कुत्रं, कुणाला स्वप्नात मेलेला आजा. मला काहीच दिसलं नव्हतं, मी ढाराढूर झोपलो होतो. असले किस्से सांगणाऱ्यांची मला चीड येते. आज मीच सांगतोय, तर स्वतःची जास्त येते.

बायकोचं माहेर गोदावरीकाठी, धर्माबादच्या बाजूला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावासमोर वाळूचं बेट उघडं पडतं आणि त्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत बेटावर कुणी पाय ठेवायचा नाही, असं गावानं ठरवलेलं. राखणीची पाळी असते. ज्याची पाळी तो दिवसभर काठावरून नजर ठेवतो, सकाळी एकदाच अनवाणी जाऊन घरटी बघतो आणि परतताना निरगुडीच्या फांदीनं स्वतःची पावलं पुसत येतो. कारण कुत्री माणसाच्या मागावरून चालत थेट अंड्यांपर्यंत पोचतात. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा.

शेजारच्या क्लासवाल्यानं मुलांना दाखवायला खराखुरा सांगाडा आणला आणि माझं डोकं फिरलं. आपल्याकडे नुसते तक्ते! त्याच आठवड्यात सासुरवाडीला गेलो. भर दुपारी, पाळीवर असलेले गफूरचाचा जेवायला घरी गेलेले बघून मी गुडघाभर पाण्यातून बेटावर शिरलो. सुरय अक्षरशः अंगावर आले, एकानं टाळू फोडली. मी वर्गात दाखवायला शेजारशेजारच्या खळग्यांतली दोन अंडी रुमालात बांधली आणि निघालो. पावलं पुसली नाहीत. डोक्यातून रक्त येत असताना फांदी कोण शोधत बसतो?

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुत्र्यांनी निम्मी घरटी साफ केली होती. वाळूत एक पाऊल, एक फरफट... माग कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती. पण पाळी चाचांची होती. इतक्या वर्षांची राखण गावानं त्यांच्याकडून काढून घेतली. ते माझ्यासमोर येऊन एवढंच बोलले, "गावाचे जावई हायत, म्हणून हात उचललो न्हाई."

मला वाटलं, मिटलं. पुढच्या उन्हाळ्यात मेहुण्याचा फोन.

"दाजी, काल बेटावर आलते का?"

"येडा का तू? दिवसभर क्लासवर होतो. पोरं साक्षीला आहेत."

"मग तुमचा पाय कसा काय हाय वाळूत? रात्रीतून कुत्रे शिरले. लोक आता माझ्या दारावर येऊन राहिले."

रोज फोन. रोज तोच माग. शेवटी बायको म्हणाली, "तिकडं माझ्या भावाला गावात तोंड दाखवता येईना, आणि तुम्ही इथं पोरं साक्षीला आणता?" मी चिडून बॅच सोडली आणि गावात जाऊन सगळ्यांसमोर म्हणालो, चाचांनी स्वतः बेट पुसावं, मी इथं घाटावर तुमच्यासमोर बसतो. यंदाचा माग माझा नाही हे मला दाखवायचंच होतं.

चाचा गेले, सगळी वाळू पुसून आले. सकाळचे दहा असतील, लख्ख ऊन. मी कोरड्या पायरीवर बसलेलो, भोवती अर्धं गाव, एकाच्याही नजरेत ओळख नाही. अर्ध्या तासानं सगळे सुरय एकदम उठले. बेटाच्या कडेला, जिथं काहीच नव्हतं, तिथं ते तुटून पडू लागले. मग त्यांचा तो घोळका हळूहळू पुढं सरकला... घरट्यांच्या दिशेनं. आणि त्याच्याखाली वाळूत उमटत गेलं — एक पाऊल, एक फरफट.

सगळे फक्त माझ्या पायांकडं बघत होते. मीही बघितलं. कोरड्या पायरीवर, माझ्या चपला ओल्या वाळूनं भरल्या होत्या. मी घाबरलो, साफ घाबरलो.

चाचांनी फांदी माझ्या अंगावर टाकली. "पुसा. तुमचं हाय, तुमीच पुसायचं. उद्याबी, परवाबी."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, ऐन क्रॅश कोर्सच्या दिवसांत, मी त्या गावात असतो. राखण परत चाचांकडं आली, एवढं एक बरं झालं. चहा सोडा, पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. सुरय मला ओळखतात, हेल्मेट घालून जावं लागतं. फॉर्मलीनमध्ये ठेवलेली ती दोन अंडी मी एकदा परत घेऊन गेलो होतो. "आता त्याचं काय करू?" म्हणून चाचांनी बाटली माझ्याच हातात ठेवली.

भास म्हणाल तर अर्ध्या गावाला एकच भास होत नाही, एवढं बायोलॉजी मला येतं. रोज सकाळी मी माग पुसायला जातो. तो पाण्यातून निघतो आणि ज्या खळग्यांतून मी अंडी उचलली तिथपर्यंत जातो. परतीचं पाऊल आजवर एकही सापडलेलं नाही.