वयतो, बसा

भाऊजी पडले, एवढंच फोनवर कळलं. दुपारची वेळ होती. नालवाडीच्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला मी पंख्याचा रेग्युलेटर दाखवत होतो. मला वाटलं, मोटारसायकलवरून पडले असतील, हातबीत मोडला असेल. वासुदेवभाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान, हिंगणीपुढच्या धरणावर पर्यटकांची मोटारबोट चालवायचे. पण ते बोटीतून पडले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या डोक्याला पट्टी होती आणि डोळे मिटलेले होते. ते पुन्हा उघडले नाहीत. याला आता काही आठवडे झाले... दुकानात बसतो, वस्तू देतो, घेतो. मन कशातच नाही.

त्यांचं घर शेतीचं, कपाशी आणि तुरीचं. धरणावर बोटी आल्या तेव्हा चांगलं पोहता येतं म्हणून त्यांना बोलावलं आणि ते तिथेच रमले. मी चिडवायचो, ‘भाऊजी, आता पाणी नांगरता का?’ तर म्हणायचे, ‘पाण्याले तण नाई येत गा.’ एकदा मलाही त्यांनी बोटीत घातलं. मी पाण्याला भितो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच घातलं. इंजिनातून निघालेली लाल दोरी त्यांनी आधी मनगटाला अडकवली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘मी पडलो त हे निंगते अन् इंजन बंद. नाई त रिकामी बोट गोल फिरून मायाच आंगावर येईन.’ हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं. मग धरणाच्या मध्यावर बोट भरधाव असताना त्यांनी वेग थोडा उतरवला, खांद्यावरून मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, ‘वयतो, बसा!’ मी बसलेलाच होतो, तरी आणखी खाली सरकलो. बोट एका अंगावर कलली, पाणी हाताशी आलं आणि आम्ही सुरेख वळलो. मी म्हटलं, बसणाऱ्याला एवढी भीती वाटते तर वळता वळता गॅस सोडून द्यायचा ना एकदम. ते हसले. ‘तसं करशीन त आपलीच लाट मांगून येते अन् बूड उचलते. धीमं व्हायचं ते वयणाच्या आंधी, वयणात नाई.’ आणि उभं राहायचं नाही, कोणीच नाही. एक माणूस उभा राहिला की सगळ्या बोटीचा तोल त्याच्या डोक्यात जातो, असं ते म्हणत.

आमच्याकडे वळतोला ‘वयतो’ म्हणतात, आणि भाऊजींच्या तोंडी तो शब्द इतका बसला होता की ताईला मोटारसायकलवर मागे घेऊन निघाले तरी प्रत्येक वळणाआधी तो यायचाच. ताई म्हणायची, ‘बसूनच तं आहो, आता काय झोपू?’ पण धरणावर बाहेरगावचे लोक येतात. पुण्याच्या एका बाईंना वाटलं, हा आपलं वय विचारतोय. त्यांनी हसून वयही सांगितलं आणि काठावर येऊन बोटींच्या ठेकेदाराकडे तक्रारही केली. भाऊजी ही गोष्ट रंगवून सांगायचे, पाहुणे असले की दोनदा. ठेकेदाराला मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, सगळ्यांना कळेल असं बोला, हिंदीत बोला. त्यात वावगं काय होतं? आपल्या भागात हिंदी कोणाला येत नाही? भाऊजींनी मुकाट्याने शब्द बदलला. ‘घुमाता हूँ, बैठो’ असं म्हणू लागले. मी स्वतः ऐकलंय. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं.

ते गेले आणि तेरवीच्या पंगतीतच कुजबुज माझ्या कानावर आली. पर्यटकांना खूश करायला जोरात वळवली म्हणे, स्टंट केला म्हणे. ज्यांनी त्यांच्या बोटीत कधी पाय ठेवला नव्हता, ते वरणभात कालवता कालवता मला वेगाचं गणित सांगत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताईकडे बघून वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकलो. रात्री ती एवढंच म्हणाली, ‘मले काई नाई पाह्यजे. त्यायनं बसा म्हटलंतं, एवढं कोनीतरी सांगा.’

त्या दिवशी बोटीत एक कुटुंब होतं. खटपट करून त्यांचा नंबर मिळवला. फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी ताईला शेजारी बसवलं. बाई चांगल्या होत्या, बोलता बोलता रडल्या. वेग काही फार नव्हता, म्हणाल्या. ‘त्यांनी सांगितलं होतं ना, घुमाता हूँ म्हणून. आम्हाला वाटलं, आता धरण फिरवून दाखवणार. म्हणून तर मुलगी फोटो काढायला उभी राहिली.’ मी विचारलं, आणि बैठो? ‘ते इंजिनाच्या आवाजात ऐकूच आलं नाही हो...’ वळताना बोट कलली, मुलगी तोल जाऊन बाहेर पडणार, तेवढ्यात भाऊजींनी बोट वळवायचा इंजिनाचा दांडा सोडला आणि तिला खाली ओढलं. सुटलेल्या दांड्याने बोटीला हिसका बसला आणि ते स्वतः फेकले गेले. जाता जाता डोकं बोटीच्या काठावर आपटलं. दोरी निघाली, इंजिन बंद झालं. बोटीतल्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून ताईला जरा बरं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, ‘म्हंजे म्हटलंतं. लोकायले समजलंच नाई.’ ज्यांना ज्यांना सांगायचं होतं त्या सगळ्यांना मी सांगितलं. लोक मान हलवतात, वाईट झालं म्हणतात आणि जाताना पुन्हा विचारतात, पण जोरातच वळवली असंल नं?

मागच्या आठवड्यात ताई म्हणाली, ठेकेदाराले तरी सांगू, तो शब्द बदलव म्हनून. आम्ही धरणावर गेलो. ठेकेदाराने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि बघतो म्हणाला. त्याच्या नजरेवरूनच कळलं की तो काही बघणार नाही. आम्ही परत निघालो तेव्हा पाण्यावर बोट होती. तीच बोट, दांड्यावर नवीन माणूस. लांबून इंजिनाचा आवाज जरा उतरला आणि पाण्यावरून त्याची हाक आली, ‘घुमाता हूँ...’ पुढचं ऐकू आलं नाही. बोटीतली दोन-तीन माणसं मोबाईल घेऊन उभी राहिली. ताई काठावर थांबली. ‘बसा नं बाप्पा,’ ती म्हणाली, अगदी हळू, शेजारी मी होतो म्हणून मला ऐकू आलं. ‘बसा नं...’ तिकडे कोणीच बसेना, तेव्हा तीच मटकन खाली बसली.