ओठ हलतात तुझे

आई वारली त्या दुपारी मी इंदिरानगरातल्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. माहेर त्र्यंबकेश्वरला, तासाभराच्या अंतरावर, पण मला निरोप आला दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर अग्नी देऊन झाला होता.

दहाव्याला थोरला भाऊ सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "शेजाऱ्यांकडे फोन केला होता. हिलाच यायला जमलं नाही."

साफ खोटं. खालच्या मजल्यावरच्या ज्या बाईंकडे आमचे फोन यायचे, त्या दिवसभर घरात होत्या. फोन वाजलाच नव्हता. आणि मी मात्र मान खाली घालून बसले! त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

मग भांडण डोक्यात सुरू झालं. पोळ्या लाटताना, लूना चालवताना, कपडे वाळत घालताना. त्याचं तेच वाक्य आणि माझी रोज नवी उत्तरं. तीन-चार वर्षं अशीच गेली.

एकदा मुलीची वेणी घालत होते. तिसरीतली पोर आरशात बघून म्हणाली, "आई, मामाशी भांडतेयस ना?"

"कोण म्हणालं?"

"ओठ हलतात तुझे. मग केस जोरात ओढतेस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा हात थांबला. इतकी वर्षं शिक्षा तो नाही, ही पोर भोगत होती.

त्याच सुमारास कॉलनीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. "वाईट विचार मनात येऊच देऊ नका!" म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, माझं डोकं फिरलं. ते काय मला विचारून येतात? आठवडाभर प्रयत्न केला, तर भाऊ डोक्यात दुप्पट यायला लागला.

शेवटी मी स्वतःवरच नजर ठेवली. आधी दात आवळले जायचे, मग श्वास अडकायचा, मग त्याचं वाक्य. दात आवळले की मी मोठ्यानं म्हणायचे, "झालं सुरू." आणि हातातल्या कामाकडे बघायचे. लाटणं, पीठ, पोळीची कड. दिवसातून वीस वेळा. वैताग यायचा. तरी म्हणायचे.

राग गेला नाही. पण त्याला सुरू होताना पकडता येऊ लागलं.

पुढे भाचीच्या लग्नात भाऊ एकटा भेटला. मी सरळ म्हटलं, "दादा, तू फोन केला नव्हतास."

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "आता कशाला ते? किती वर्षं झाली!"

"मला एवढंच सांगायचं होतं. तू खोटं बोललास."

तो पाहुण्यांत निघून गेला. माफी त्यानं मागितली नाही, आणि मीही केलं नाही माफ. पंगतीत मुलीशेजारी जाऊन बसले आणि पोटभर जेवले.