बुजलेला चर

डोळ्यांच्या दवाखान्यात दर महिन्याला आमची गाठ पडते. ते उचगावचे ऊस लावणारे, मी शिवाजी पेठेतला शिंपी. दोघांच्याही डाव्या डोळ्यात रक्त परत नेणारी शीर तुंबलेली.

"पावणं, चर बुजला की उसात पाणी साठतंय. डोळ्याचं बी तसंच हाय की," हे ते दरवेळी नव्यानं सुचल्यासारखं सांगतात.

नर्सनं थेंब घातले की ते डोळे मिटून बसतात. मलाही तेव्हा सगळं धुक्यात बुडाल्यासारखं दिसतं. खिडकीतला उजेड दुधासारखा फरशीवर पसरतो. माझा आवाज ऐकला की ते चांगल्या डोळ्यावर तळहात धरतात आणि अधू डोळा उघडून माझ्याकडं बघतात. माझ्या तोंडाच्या जागी त्यांना नुसता राखाडी डाग दिसतो. तरी बघतात.

काल मी पोचलो तेव्हा ते थेंब घालून डोळे मिटून बसले होते; माझा आवाज ऐकून बराच वेळ तसेच बघत राहिले. मग हळूच हसले.

"आज दिसताय की. मिशी सुदीक दिसली."

मिशी मी आठवड्यापूर्वीच काढली होती.

त्यांनी तळहात काढायच्या आत मी ओठांवर रुमाल धरला आणि म्हणालो, "व्हय. पिकली आता."