वाकडी जीप आणि माझी दुरुस्ती

काशिमामांनी टेबलावरची जीप दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांसमोर धरली, उलटी करून खालून पाहिली आणि परत ठेवली.

"ही माझी गाडी नाय," ते म्हणाले.

विशे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आमचं ऑफिस शहापूरच्या बाजारपेठेत आहे, त्यामुळे खिडकीबाहेर बघण्यासारखं नेहमी काहीतरी असतं. परवा अंक छपाईला जायचा होता आणि कव्हरवर हीच जीप होती.

आधी आमचा धंदा सांगते. हौसेने छोट्या मॉडेल गाड्या बनवणाऱ्यांसाठी आम्ही एक त्रैमासिक काढतो. विशे सर संपादक. मी तपासनीस. आधी एकतीस वर्षं मुरबाडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं तपासली, रिटायर झाल्यावर इथे आले. अंकात येणारं मॉडेल आणि त्याचा प्लॅन जुळतो का, हे मी पाहते. वाचक त्याच प्लॅनवरून पत्रा कापतात. आमचा एक मिलिमीटर चुकला की त्यांची दारं लागत नाहीत, आणि मग ते लांबलचक पत्रं लिहितात.

ही जीप एकास चोवीस स्केलची. म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटीमीटर, तर मॉडेलचा एक. अख्खी गाडी वीतभर. काशिमामांनी ती विकतच्या किटमधून जुळवलेली नव्हती. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलची तार, मोजपट्टीच्या स्टीलच्या स्प्रिंगा आणि जुन्या चपलेच्या रबराचे टायर. दोन वर्षं लागली त्यांना. त्याआधी पंचवीस वर्षं ते मुरबाड ते म्हसा शेअर जीप चालवत. डब्यात भाताचं तूस भरून त्यात ही जीप खोचून त्यांनी ऑफिसात आणली, तेव्हा माझ्या हातात देताना म्हणाले होते, "सांभाळा, ताई. मोठी भंगारात गेली. आता हीच हाय."

मी सांभाळली. जरा जास्तच.

तपासताना मला तीन दोष सापडले. एक, गिअरचा दांडा वाकडा. दोन, गाडी मागे डाव्या अंगाला साडेतीन मिलिमीटर झुकलेली, कारण तिथली स्प्रिंगची एक पट्टी अर्ध्यात तुटलेली. खऱ्या गाडीत हे चार बोटं होतं. तीन, मागच्या फळीजवळ पत्र्याला बारीक पोचा. मी जीपच्या कंपनीचं मूळ ड्रॉइंग मिळवलं, ताडून पाहिलं. त्यात तिन्हीपैकी काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला असेल, असं म्हणून मला त्यांची दयासुद्धा आली. दांडा सरळ केला. नवी पट्टी कापून बसवली. पोचा खालून हलक्या हाताने ठोकून सपाट केला. मग फोटो काढले आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

"मॅडम," विशे सर आता हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काही केलंत का?"

मी सांगितलं. काशिमामा ऐकत होते. त्यांचा चेहरा पाहून तिसऱ्या दोषापर्यंत माझा आवाज बराच खाली आला.

"दांडा कंपनीनी सरळ दिलेला," ते म्हणाले. "पन कंपनीनी पुढं दोन मानसा धरलेली. आमी चार बसायचू. मधल्याचा गुडघा आडवा यायचा. मंग मीच वाकवला."

"आणि स्प्रिंग?"

"ती म्हशाच्या जत्रंत गेली. आमच्या गावच्या धोंडूनी गोऱ्हा घेतला, पाखऱ्या. टेम्पो भेटंना. बोलला, काशा, तुझ्या गाडीत घे. मागं गोऱ्हा, धोंडू आन अकरा मानसा. पाखऱ्या बिथरला, त्यानी पाय आपटला. तो खूर उठला पत्र्यावर आन खाली पट्टी तुटली. मंग कोन बदलतो? गाडी चालत व्हती ना." त्यांनी फळीजवळच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "तुमी खूर पन पुसलाव?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांची मेहनत मी एका दुपारी पुसली होती, आणि वर चहा प्यायला होता.

"तुम्ही परत करून द्याल का, मामा?" विशे सरांनी विचारलं.

"मी कशाला? यांनी बिघडवली, या करतील. मी बसतू हितं."

आणि ते खरंच खुर्ची ओढून बसले. मी स्वतः बसवलेली पट्टी पक्कडीने तोडली. गाडी झुकली. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. गिअरला वेळ लागला. मी दांडा वाकवायची, ते डोळे मिटून दोन बोटांनी हवेत गिअर टाकायचे आणि म्हणायचे, "अजून माझ्याकडं." पाचव्या खेपेला दुसरा गिअर बिनअडथळा पडला. मला दिसला नाही, त्यांना पडलेला कळला.

खुरासाठी मी खिळ्याचं टोक कानशीने घासून त्यात मधोमध चीर पाडली. दोन नख्या झाल्या. हातोडी उचलली तशी मामांनी माझं मनगट धरलं.

"उजवा मागचा पाय व्हता. नख्या फळीकडं."

मी खिळा फिरवला. एकच ठोका घातला. मामांनी गाडी उजेडात नेली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हां. आता धोंडूला दाखवता येल."

प्लॅनमध्येही झुकाव तसाच दाखवला आणि फोटो नव्याने काढले. या वेळी मागून, फळी उघडी ठेवून. अंक वेळेवर गेला. आठवड्याने मामांचा फोन आला. "धोंडूनी गाडीकडं बघितलाच नाय, ताई. खुरावर बोट ठेवला आन बोलला, 'पाखऱ्या.'"

माझ्या तपासणीच्या फॉर्ममध्ये आता पहिली ओळ अशी आहे: हे असं का आहे, ते बनवणाऱ्याला विचारलं का? ती भरल्याशिवाय मी पक्कड हातात घेत नाही.

पुढच्या महिन्यात एका वाचकाचं पत्र आलं. 'आपल्या प्लॅनमध्ये मागचं डावं चाक साडेतीन मिलिमीटरने चुकलेलं आहे. आम्ही ते सरळ करून घेतलं.' पत्रातला सूर माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मी उलट टपाली एका ओळीचं उत्तर पाठवलं.

'परत वाकडं करा.'