वंदनाताईंच्या गाण्यात जॅझ

वाजवणारे एकत्र जमले की गाणी कमी बसतात आणि किस्सेच जास्त साठतात. बऱ्हाणपूरजवळच्या पेपर मिलच्या कॉलनीत आमचा छोटा ग्रुप आहे. वंदनाताई गातात, शरदकाका ढोलक वाजवतात आणि मी गिटार. माझा हात कित्येक वर्षं त्याच चार कॉर्ड्सवर अडकला होता. ऑनलाइन क्लासचे सर म्हणाले, "जॅझ शिक, हात मोकळा होईल." तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

*

पहिला धडा: चुकीचा सूर लागला तर घाबरायचं नाही, तोच पुन्हा वाजवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, मुद्दामच वाजवला! मी प्रॅक्टिसला लगेच करून पाहिलं.

वंदनाताई गाता गाता थांबल्या. "एकदा चुकला, समजलं. पण परत परत?!"

*

मग सर म्हणाले, मधे मधे जागा सोडायची. मी सोडली. ती सगळी शरदकाकांनी ढोलकनं भरून काढली.

"अरे, तू थांबला, मला वाटलं तार तुटली. सांभाळून घेतलं तुला!"

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

*

सोलो म्हणजे मनाला येईल तसं वाजवत जायचं. पण काकांचा हात भजनातला. मी जरा रंगात आलो की ते तिहाई घ्यायचे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर सगळं खलास!

"काका, माझं चालू होतं ना!"

"पण चालला कुठं होता तू?"



*

जसोंडीला एका हळदीत गाण्याआधी मी डोळे मिटून जॅझ सुरू केलं. नवरदेवाचे मामा स्टेजजवळ आले. "भाऊ, ट्यूनिंग हो गई हो तो गाना चालू करो ना!"

परतल्यावर गाडीतून उतरताना वंदनाताई म्हणाल्या, "गणपतीत माझं गाणं बिघडवलं तर लोधीपुऱ्यातला कीबोर्डवाला बोलावेन." मी खरंच घाबरलो. ह्या ग्रुपशिवाय मला विचारतो कोण?

*

गणपतीत मी गुमान चार कॉर्ड्स धरल्या. दुसऱ्या अंतऱ्याला वंदनाताई एकदम गप्प. शब्दच आठवेनात! समोर अख्खी कॉलनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोलो सुरू केला. चुकलो, तेच परत वाजवलं. जागा सोडली. काकांनी आलेली तिहाई गिळली. कुठं चाललो होतो, देव जाणे, पण चालत राहिलो. शेवटी ताईंना अंतरा सापडला आणि गाणं पार पडलं.

खाली उतरल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, गाणं एक नंबर! पण हा मधेच ट्यूनिंग का करत होता?"

"मीच सांगितलं होतं," वंदनाताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी अजून करेल."