कादंबरीतली गाळलेली पानं

त्या दुष्काळात नेकनूरजवळच्या आमच्या गावात टँकर यायचा दुपारी, पण घागरींची रांग सकाळीच लागायची. रांगेत बसून करायचं काय? म्हणून मी आईला आणि शेजारणींना एक प्रेमाची कादंबरी वाचून दाखवायचे. ती मला दिली होती दूध सोसायटीत फॅट तपासणाऱ्या मुलानं. तो बौद्ध, आम्ही धनगर. आमचं जमलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कादंबरीतला नायकही ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. त्याच्या आईला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, अशी पानं त्यात होती. मी ती न वाचता सरळ उलटायचे. आधी आईला पोरगा आवडू दे, मग आपलं सांगू, असा माझा अतिशहाणपणा. आईला तो आवडलाही. "लई गुणाचं लेकरू हाय," म्हणत डोळे पुसायची.

मग सोसायटीनं त्याच कादंबरीचा सिनेमा व्हिडिओवर लावला. दूध आटलेलं, हॉल रिकामाच. पालथ्या कॅनांवर बाया बसल्या. पानं उलटता येतात, पण इथं नायकाचं घर दिसणारच. आईला माझी लबाडी कळणार, आणि ती कशासाठी केली तेही. कादंबरी देणारा तो व्हिडिओपाशीच उभा होता. भीतीनं मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

नायकाचं घर आलं. बंगला, दारात ट्रॅक्टर. ओढा नाही, वस्ती नाही, विहीर तर नाहीच. दोन घरांचं भांडण होतं ते शेताच्या बांधावरून. सिनेमावाल्यांनीही माझ्यासारखीच पानं उलटली होती. माझ्या जिवात जीव आला. लाज वाटायची सोडून मी हसलेसुद्धा.

आई मोठ्यानं म्हणाली, "पोरीनं वाचलं तसंच हाय की समदं!"

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कादंबरी त्याला पाठ होती.

दुसऱ्या सकाळी मी म्हशीचं लिटरभर दूध घेऊन सोसायटीत गेले. तो हळूच म्हणाला, "आमची वस्ती गाळलीस व्हय?"

"आईला भ्याले."

"आन् लगीन झाल्यावर? माझ्या मायला कुठं लपवशील?"

मी उत्तर देणार तोच आई दारात आली. मी घाईघाईनं, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "फॅट किती लागली?"

त्यानं आकडा सांगितला, आणि पहिल्यांदाच मला 'ताई' म्हणाला.