मागून बघितलेली गाडी

लासलगावहून मला बघायला पाहुणे आले ते नव्याकोऱ्या गाडीतून. नाशिकच्या आमच्या बाल्कनीतून मी मुलाआधी गाडीच बघितली. पुढून ती देखणी होती, पण मागची डिकी दुसऱ्याच गाडीची आणून जोडल्यासारखी दिसत होती. दोन हजार सालानंतर छोट्या गाड्यांना अशा डिक्या चिकटवायची टूमच निघाली होती. मला तिची भयंकर चीड यायची.

पोहे झाले. मुलाची आई म्हणाली, "जरा दारापर्यंत चालून दाखव गं." मी चालले. सगळ्यांची नजर पाठीवर जाणवत होती. माझे कान तापले.

परत येऊन बसले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुला काही विचारायचंय का?"

"गाडी घेताना तुम्ही ती मागून बघितली नव्हती का?"

बाबांनी डोळे वटारले. मुलाच्या वडिलांनी हातातला कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "शोरूममध्ये ती भिंतीला लागून उभी होती. जरा पुढे घेऊन, फिरवून दाखवा म्हणायला संकोच वाटला."